रात्रीच्या राइडला स्मार्ट लाइट: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

सायकलचा मागचा लाइट स्मार्ट घेतला तर पैसे बऱ्यापैकी वसूल होतात. पुढचा घेतला तर बहुतेक वेळा होत नाहीत. नाशिकच्या रस्त्यांवर तरी हिशेब असाच बसतो. तो का, हे कळायला आधी डब्यावरचा ‘स्मार्ट’ हा शब्द सोलून बघावा लागतो, कारण त्या एका शब्दाखाली पाच निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली, भोवतालचा उजेड मोजून स्वतःचा उजेड कमी-जास्त करणारा सेन्सर. दुसरी, सायकल हलली की लाइट पेटणं आणि थांबली की विझणं. तिसरी, ब्रेक दाबल्यावर भडकणारा टेल लाइट. मोबाइलमध्ये असतो तसा अ‍ॅक्सेलरोमीटर त्याच्या आत असतो आणि वेग किती झपाट्याने उतरला ते तो मोजतो. चौथी, वेगाप्रमाणे बदलणारा उजेड. याला सहसा सायकल कॉम्प्युटर, म्हणजे हॅंडलवर बसणारं वेग-अंतर दाखवणारं यंत्र, जोडावा लागतो. पाचवी, मागून येणारं वाहन रडारने हेरणारा टेल लाइट. दुकानात पहिलीचं कौतुक सर्वांत जास्त होतं. नेमकी तीच सर्वांत कच्ची.

उजेडाचा सेन्सर कुठे फसतो

कॉलेज रोडवरून निघून गंगापूर धरणाकडे चाललात असं धरा. शहरात रस्त्यावरचे दिवे आहेत, सेन्सर लाइट मंद ठेवतो, बॅटरी वाचते, सगळं छान. सोमेश्वर मागे पडलं की दिवे विरळ होतात, लाइट आपोआप वाढतो, तेही छान. मग समोरून एक गाडी अप्पर मारून येते. तुमचे डोळे दिपतात आणि त्याच क्षणी सेन्सरवरही तोच झोत पडतो. सेन्सरला वाटतं, चांगला उजेड पडलाय. तो तुमचा लाइट उतरवतो. गाडी निघून जाते, डोळ्यांपुढे काळोख, आणि लाइटही अजून मंदच, कारण प्रत्येक खांबाखाली लुकलुकू नये म्हणून बनवणाऱ्याने सेन्सरला मुद्दाम काही सेकंद थांबून निर्णय घ्यायला लावलेलं असतं.

हे थांबणं किती महाग पडतं ते मोजून बघा. ताशी ३० किमी म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. लाइट परत वाढायला ३ सेकंद लागले तर तुम्ही २५ मीटर अर्धवट उजेडात गेलात. या वेगाला थांबायला किती अंतर लागतं? खड्डा दिसून बोटं ब्रेकवर आवळेपर्यंत दीड सेकंद धरला तर साडेबारा मीटर, आणि कोरड्या डांबरावर चांगले ब्रेक असतील तर पुढे आणखी ८-९ मीटर. एकूण २१ मीटर. म्हणजे सेन्सरची डुलकी तुमच्या थांबण्याच्या अंतरापेक्षा लांब आहे.

दुसरी गफलत उलट बाजूची. सेन्सरला उजेड कळतो, माणूस कळत नाही. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबक रोडने दिंड्या चालत असतात; श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारच्या ब्रह्मगिरी फेरीसाठी आदल्या रात्रीपासूनच लोंढा लागतो. या चालणाऱ्यांच्या हातात दिवा नसतो. सेन्सरच्या लेखी तिथे गच्च अंधार, म्हणून तो पूर्ण झोत थेट त्यांच्या तोंडावर सोडतो. ज्याच्यासमोर मंद व्हायला हवं त्याच्यासमोर प्रखर, आणि ज्याच्यासमोर टिकून राहायला हवं त्याच्यासमोर मंद. हॅंडलवर अंगठ्याजवळ बसणारं वायरचं किंवा वायरलेस बटण हे काम शंभर पटीने चांगलं करतं, आणि त्याला सेन्सरएवढे पैसेही पडत नाहीत.

तिसरी फजिती बसवण्यातली. सेन्सरची काचेची टिकली बहुधा लाइटच्या पाठीवर असते. तिच्यावर सायकल कॉम्प्युटर आला, हॅंडल-बॅगची सावली पडली किंवा पावसात चिखलाचा एक शिंतोडा बसला की सेन्सरच्या दृष्टीने कायम अमावास्या. लाइट शहरातही पूर्ण ताकदीने जळतो आणि परतीच्या वाटेवर बॅटरी मान टाकते.

पुढच्या लाइटमध्ये पैसे घालायचे ते झोताच्या आकारात

लुमेन म्हणजे लाइटमधून बाहेर पडणारा एकूण उजेड. त्यातला रस्त्यावर किती पडतो ते लक्स सांगतं. गोल झोताच्या, टॉर्चसारख्या लाइटचा बराच उजेड झाडांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून ४०० लुमेनचा, वरून कापलेल्या झोताचा लाइट ८०० लुमेनच्या गोल झोतापेक्षा रस्ता अधिक नीट दाखवू शकतो. हा कापलेला झोत जर्मनीच्या एसटीव्हीझेडओ (StVZO) या वाहनांच्या नियमामुळे रूढ झाला. तिथे सायकलच्या लाइटने १० मीटरवर किमान १० लक्स द्यावे लागतात आणि समोरच्याला दिपवायचं नसतं. चांगले लाइट त्याच्या कितीतरी पट देतात; बुश उंड म्युलर या कंपनीचा डायनॅमोवर चालणारा आयक्यू-एक्स १०० लक्सचा आहे. डब्यावर ही अक्षरं किंवा लक्सचा आकडा दिसला तर त्या लाइटकडे आधी बघा.

कापलेल्या झोताची एक उणीव सांगायलाच हवी: वरचं काही दिसत नाही. बाभळीची आडवी आलेली फांदी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा वरचा भाग अंधारातच राहतो. द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-पिंपळगावच्या बाजूला आणि कांद्याच्या दिवसांत लासलगावच्या रस्त्याला मागे दिवा नसलेली ट्रॉली भेटणारच. ट्रॉलीची चाकं आणि मागची फळी झोताच्या पट्ट्यात येते, पण वेग २५ च्या वर ठेवलात तर ओळखायला वेळ कमी मिळतो. हेल्मेटवर १०० लुमेनचा छोटा लाइट, गरजेपुरता लावायचा, हा त्यावर स्वस्त उपाय. धुक्यात मात्र तो बंद करा. डोळ्यांच्या रेषेतून निघालेला उजेड धुक्यावर आपटून सरळ डोळ्यांत परत येतो आणि समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते.

किती लुमेन लागतात? रस्त्यावर दिवे असलेल्या शहरात २०० पुरतात. गंगापूर रोडचा पुढचा भाग, त्र्यंबक रोड, पेठ रोड अशा अंधाऱ्या सपाटीला ४०० ते ५००. कसारा घाटाच्या उताराला ७०० ते ८००. चढाला १५० सुद्धा खूप झाले, कारण वेगच ८-१० चा असतो. वेगाशी जोडलेला लाइट खरा उपयोगी पडतो तो इथेच, चढाला आपोआप मंद आणि उताराला प्रखर. गार्मिन कंपनीचा यूटी८०० हा लाइट तिच्याच जुळणाऱ्या एज सायकल कॉम्प्युटरसोबत हे करतो. पण हे काम घाटमाथ्यावर एक बटण दाबूनही होतं आणि घाटमाथ्यावर चहाला तर सगळेच थांबतात.

बॅटरीचा हिशेब, जो ऑटो मोडमध्ये करता येत नाही

लाइट घेताना बॅटरी किती एमएएच (mAh) आहे ते बघा. त्याला ३.६ ने गुणून १००० ने भागलं की वॉट-तास मिळतात. चांगला एलईडी लाइट एका वॉटमध्ये सुमारे ९० लुमेन देतो असं धरा. ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे १८ वॉट-तास. ४०० लुमेनला साडेचार वॉट लागतात. म्हणजे चार तास. डब्यावर ‘ऑटो मोड: २० तास’ लिहिलेलं असेल तर ते बहुतेक वेळ दिव्यांखाली फिरणाऱ्या माणसाचं गणित आहे, पेठ रोडला जाणाऱ्याचं नव्हे.

ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळात पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, करणाऱ्यांना हा हिशेब चुकवून चालत नाही. ३०० किमीला २० तास मिळतात, ४०० ला २७. डिसेंबरात सकाळी ६ ला ३०० साठी निघालात आणि रात्री २ ला पोचलात तर संध्याकाळी सव्वासहापासून जवळपास ८ तास लाइट लागतो. ३०० लुमेनने ८ तास म्हणजे २७ वॉट-तास. ५००० एमएएचचा एक लाइट कमी पडतो. म्हणून लाइट चार्जिंगला लावलेला असताना पेटतो का, हे घेतानाच बघा. बरेच लाइट केबल जोडली की विझतात, काही फक्त मंद मोडला चालतात. पॉवर बॅंक खिशात असून अंधारात उभं राहायची वेळ याच कारणाने येते.

आणखी एक. स्मार्ट नसलेला लाइटही दोन वेळा स्वतःहून मंद होतो: बॅटरी उतरल्यावर आणि तापल्यावर. लाइटचं धातूचं अंग वाऱ्याने थंड राहतं. एप्रिल-मेमध्ये, दिवसभर तापलेल्या हवेत, चढाला वारा नसताना १००० लुमेनचा लाइट काही मिनिटांत निम्म्यावर येऊ शकतो. तो बिघडलेला नसतो. जळू नये म्हणून उतरतो. वॉरंटीसाठी दुकानात भांडायला जाण्याआधी पंख्यासमोर ठेवून बघा.

मागचा लाइट: इथे स्मार्टपणा कामाला येतो

टेल लाइट तुमच्या पाठीमागे असतो. तो विझला तरी तुम्हाला कळत नाही. म्हणून हललं की पेटणं हा गुण इथे खरोखर मोलाचा, विशेषतः सातपूर-अंबडच्या कंपन्यांतून संध्याकाळच्या पाळीनंतर सायकलने घरी येणाऱ्याला. फक्त दोन गोष्टी तपासा. उभं राहिल्यावर तो किती वेळाने विझतो? एखाद्या लांब सिग्नलला ९० सेकंद थांबावं लागलं आणि लाइट ६० सेकंदांत झोपला तर उरलेला अर्धा मिनिट तुम्ही मागच्या गाड्यांना दिसत नाही. किमान दोन मिनिटं तग धरणारा घ्या. दुसरं, गाडीच्या कॅरिअरवर सायकल टाकून इगतपुरीला नेताना हाच लाइट हादऱ्यांनी वाटभर जळत राहतो. त्यामुळे बटण दाबून पूर्ण बंद करता येणारा हवा, नाहीतर उतरवून खिशात ठेवा.

ब्रेकवर भडकणारा लाइट गटाने चालवताना बरा. स्वस्त लाइटमध्ये मात्र त्याला ब्रेक आणि खड्डा यातला फरक कळत नाही. ब्रेकने सायकल मागे ओढली जाते तो धक्का हळू आणि आडवा असतो; खड्ड्याचा झटका त्याच्या कितीतरी पट जोराचा, पण उभा आणि क्षणभराचा. तो गाळून टाकण्याइतकी अक्कल आत घातलेली नसेल तर रंग नसलेल्या प्रत्येक स्पीडब्रेकरवर लाइट बोंब मारतो. दहा मिनिटांत मागचे मित्र त्याच्याकडे बघायचं सोडून देतात आणि मग खऱ्या ब्रेकलाही कोणी बघत नाही.

रडारचा लाइट महाग आहे, पण नाशिकबाहेरच्या दुपदरी रस्त्यांवर त्याची किंमत कळते. गार्मिनचा व्हॅरिया आरटीएल५१५ मागची वाहनं १४० मीटरवरून पकडतो, कॉम्प्युटरवर किंवा फोनवर ठिपका दाखवतो आणि वाहन जवळ आलं की स्वतःची उघडझाप बदलतो. सलग पेटता किंवा रात्रीच्या ब्लिंकला ठेवला तर ६ तास चालतो. दिंडोरी-वणी रस्त्याला वारा समोरून असला की मागची गाडी ऐकू येत नाही, तिथे हा ठिपका फार कामाचा. मुंबई-आग्रा महामार्गावर मात्र तो अखंड टिवटिवतो आणि कान त्याला सरावतात. शिवाय तुमच्याच वेगाने मागे राहिलेलं वाहन त्याला नीट दिसत नाही, कारण तो अंतरातला बदल पकडतो. मान वळवून बघणं सुटत नाही.

बजेट थोडं असेल तर रडारच्या आधी दोन साधे टेल लाइट घ्या: एक सीटपोस्टला (सीटखालच्या दांड्याला) सलग पेटता, २५-३० लुमेनचा, दुसरा सीटस्टेला (सीटखालून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीला) ब्लिंकवर. नुसत्या ब्लिंकवरून मागच्या ड्रायव्हरला अंतराचा अंदाज घेणं जड जातं, सलग उजेड तो अंदाज देतो. दोघांपैकी एक दगावला तरी दुसरा असतो.

घेतल्यावर पहिल्या आठवड्यात करायच्या चाचण्या

या परत करण्याची मुदत संपायच्या आत उरका.

सेन्सरची: खोलीत अंधार करा, लाइट ऑटोवर ठेवा, मोबाइलचा टॉर्च एका फुटावरून सेन्सरवर ३ सेकंद मारा आणि बाजूला घ्या. त्या ३ सेकंदांत लाइट उतरलाच नाही तर उत्तम. उतरला आणि परत चढायला २ सेकंदांहून जास्त लागले तर शहराबाहेर ऑटो मोड वापरू नका. ऑटोमध्ये पुढचा लाइट ब्लिंकवर जात नाही ना, तेही याच वेळी बघा. ब्लिंकमध्ये खड्डा दिसतो, नाहीसा होतो, आणि पुन्हा दिसतो तेव्हा चाक त्यात असतं.

बॅटरीची: पूर्ण चार्ज करा, टेबलफॅन समोर लावा, तुम्ही वापरणार तोच मोड ठेवा. मोबाइलवर लक्स मोजणारं अ‍ॅप घेऊन, फोन आणि लाइट एकाच जागी ठेवून दर अर्ध्या तासाला आकडा लिहा. अ‍ॅपचा आकडा खरा नसला तरी चालेल, आपल्याला तुलना हवी आहे. सुरुवातीच्या निम्म्यावर आला तो खरा वेळ. शेवटी लाइट एकदम विझतो की मंद होऊन तासभर घरी पोचवतो, हे टिपून ठेवा. दुसरा प्रकार हवा.

तापण्याची: तेच पंखा न लावता, पूर्ण ताकदीने, १० मिनिटं. चढाला काय मिळणार ते कळतं.

ब्रेक लाइटची: रिकाम्या गल्लीत ब्रेक न लावता दहा वेळा स्पीडब्रेकर ओलांडा आणि मागून मित्राला व्हिडिओ काढायला सांगा. दोनदाहून जास्त उगाच भडकला तर ही सोय बंद करून टाका.

पाण्याची: डब्यावर आयपीएक्स४ असेल तर शिंतोडे सोसेल, आयपीएक्स६ जोराची धार, आयपीएक्स७ एक मीटर पाण्यात अर्धा तास. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसाला ६ च्या खाली जाऊ नका. शॉवरखाली पाच मिनिटं धरा, बाहेरून कोरडा करा, मग चार्जिंगची रबरी झडप उघडून आत टिश्यूचं टोक लावा. टोक ओलं झालं तर लाइट परत. पावसाळ्यात मरणारे बहुतेक लाइट या झडपेतूनच मरतात, काचेतून नाही. झडपेच्या कडेला सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा, आणि ओल्या लाइटला केबल कधीच लावू नका.

जाता जाता अ‍ॅपचंही बघा. काही लाइटचे मोड फक्त फोनवरून बदलतात. ब्लूटूथ बंद करून सगळं बटणावर चालतं का ते तपासा. फोनची बॅटरी संपल्यावर लाइटही हट्टाला पेटला तर भर घाटात त्याची समजूत काढत बसावं लागतं.

कोन लावणं

चांगला लाइट वाकडा लावला तर वाईट लाइटपेक्षा वाईट. सायकल भिंतीपासून ५ मीटरवर, सपाट जमिनीवर उभी करा. टायरमध्ये नेहमीएवढी हवा, आणि पुढे सस्पेंशन असेल तर वर माणूस बसलेला, कारण फोर्क दबला की झोत खाली येतो. लाइटची जमिनीपासूनची उंची मोजून तेवढ्या उंचीवर भिंतीला खडूची खूण करा. हॅंडलवरचा लाइट साधारण १ मीटरवर येतो. कापलेल्या झोताची वरची कडा या खुणेच्या १० सेंमी खाली ठेवली की ती रस्त्याला ५० मीटरवर टेकते. गोल झोताचा असेल तर मधला प्रखर ठिपका ४० सेंमी खाली, म्हणजे जमिनीपासून ६० सेंमीवर आणा. तो साडेबारा मीटरवर पडेल. याहून वर उचललात तर समोरचे शिव्या देतील, आणि बरोबर देतील.

रबरी पट्ट्याचा माउंट खड्ड्यांनी हळूहळू खाली झुकतो. हॅंडल आणि पट्ट्यामध्ये जुन्या ट्यूबचा एक तुकडा गुंडाळा, मग झुकत नाही. एकदा कोन जमला की माउंटवर आणि हॅंडलवर मिळून नेलपेंटची एक रेघ ओढा. लाइट काढून परत बसवताना रेघ जुळवली की काम झालं.

टेल लाइट सीटच्या बॅगेमागे झाकला जात नाही ना आणि जमिनीकडे बघत नाही ना, हे सायकलपासून वीस पावलं मागे जाऊन, गाडीत बसलेल्या माणसाच्या उंचीला वाकून बघा. सीटपोस्ट तिरका असतो, त्यामुळे सरळ चिकटवलेला लाइट बहुधा थोडा खाली बघतो. माउंटखाली रबराची पाचर लागते.

राखीव म्हणून २०० लुमेनचा एक साधा, एका बटणाचा लाइट सीटबॅगेत टाकून ठेवा. बॅगेत पडून त्याची बॅटरी हळूहळू उतरते आणि नेमकी लागेल तेव्हा रिकामी सापडते. दर अमावास्येला चार्ज करायचा असं ठरवलंत तर विसरायला होणार नाही.